लाल गाडीचं बूड

माधव नगर, उज्जैन
रविवार, दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप मधुकरमामांस,

भाचा श्रीपाद याचा साष्टांग नमस्कार. आजवर पत्रात हा शब्द सवयीने लिहीत आलो, पण गेले तीन आठवडे मी खरोखरच सगळी अंगं जमिनीला टेकवून तुमच्या गाडीखाली पडून आहे, तेव्हा यावेळचा नमस्कार अस्सल समजावा. फरक इतकाच की शास्त्रात पालथं पडायला सांगितलंय आणि मी उताणा होतो.

तुमचा गुडघा कसा आहे? पल्लवी म्हणते की बाबांनी सकाळचं फिरणं बंद केलंय आणि खिडकीशी बसून समोरच्या सोसायटीत कोण गाडी वाकडी लावतं तेवढं बघतात. इकडे मंगलाची कंबर बरी आहे, माझी नाही, कारण पुढे येईल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही. दोन वाक्यं झाली की "पल्लवीशी बोल" म्हणून मोकळे होता. पत्र मात्र तुम्ही वाचता. हातात लाल पेन्सिल घेऊन का होईना, शेवटपर्यंत वाचता.

गेल्या महिन्यात पल्लवीकडून तुमचा निरोप आला तो असा: "श्रीपादला सांग, गाडी भंगारात देऊन टाक. मी आता काही उज्जैनला येत नाही." पहिल्या वाक्याने मला वाईट वाटलं. दुसऱ्याने मी दोन दिवस जेवलो नाही. (मंगला म्हणते एकच वेळ जेवलो नाही, आणि तेव्हा एकादशी होती.) हे पत्र त्या दोन वाक्यांचं उत्तर आहे. मधे विषय भरकटेल, पण ते मी तुमच्याकडूनच शिकलो.

आधी कबुली देतो. सहा वर्षांपूर्वी मामी गेली आणि पल्लवी तुम्हाला पुण्याला घेऊन गेली, तेव्हा तुम्ही माझ्या हाती दोन गोष्टी दिल्यात, हत्यारांची पेटी आणि त्या दोन सीटांच्या लाल स्पोर्ट्स कारची किल्ली. "दर रविवारी दहा मिनिटं चालू ठेव," एवढंच सांगितलंत. मी दर रविवारी फोनवर "गाडी झकास" असं सांगत आलो. मामा, पहिले तीन महिने ती खरंच झकास होती. मग बॅटरी उतरली. मग माझा उत्साह उतरला. मग बोर्डाच्या परीक्षा, मग माझी निवृत्ती, आणि जिभेला "झकास" म्हणायची इतकी सवय झाली की गाडीकडे न बघताच म्हणायला लागलो. बघायचं तर पोर्चमध्ये जावं लागायचं, आणि पोर्चमध्ये गेलं की बोनेटवर चहाचा कप ठेवून उभे असलेले तुम्ही आठवायचे. ही सबब आहे हे मला कळतं, पण खरी सबब आहे. माफ करा.

तर निरोप आल्यावर मी देवास गेटहून एका मिस्त्रीला घेऊन आलो. त्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, मग मागच्या बाजूला मोबाईलची बत्ती लावून खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं मला फाटकापाशी घेऊन गेला. "सर, ऊपर से गाड़ी है, नीचे से छलनी. आगे का सब ठीक, पीछे का पेंदा गल गया. मोह छोड़ो." मी म्हटलं, जेवढं जमेल तेवढं करून द्या. तो म्हणाला, "इसमें टाइम बहुत जाएगा सर. आपकी गाड़ी है, आप ही करो." हे त्याने काम टाळण्यासाठी म्हटलं होतं. मी त्याला सल्ला समजलो.

माझी लायकी तुम्हाला ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी मुलांना स्प्रिंगचा नियम शिकवला, पण कुठल्याही स्प्रिंगने माझं कधी ऐकल्याचं आठवत नाही. मंगलाने आठवण करून दिली की मागे मी घरातली ट्यूबलाइट बदलली होती तेव्हा अख्ख्या माधव नगरची लाइट गेली होती. हे अतिशयोक्त आहे. फक्त आपल्या गल्लीची गेली होती. पण तुमच्या निरोपाला उत्तर म्हणून दुसरं काही सुचेना, म्हणून पंचा नेसून, उघड्या अंगाने (आमच्याकडे ऊन आताच चाळिशीला टेकलंय) कामाला लागलो.

ती गाडी किती बुटकी ते तुम्हाला आठवतच असेल. तिच्याखाली मांजर जातं तेसुद्धा विचार करून. जॅक लावून मागची बाजू उचलली आणि रेल्वेच्या लिलावातून तुम्ही आणलेले ते जाड लाकडी ठोकळे दोन्हीकडे घातले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हा तुमचा नियम मी पाळला. दुसऱ्याच दिवशी जॅकने दम सोडला आणि तो फुस्स करून बसला. गाडी ठोकळ्यांवर जागच्या जागी राहिली. त्या ठोकळ्यांबद्दल मी तुमचा किती ऋणी आहे ते वेगळं लिहीत नाही. हे पत्र मी लिहितोय, मंगला नाही, यातच सगळं आलं.

खाली गेल्यावर पहिल्यांदा काहीच कळेना. वरून ओळखीची असलेली गाडी खालून अगदी परकी वाटली. सगळं तपकिरी, सगळं खरबरीत, आणि कशाला हात लावला की भुगा डोळ्यांत. उठून यावं असं मनात आलं, तेवढ्यात पेटीतली तुमची छोटी हातोडी दिसली. तुम्ही रेल्वेच्या कॅरेज खात्यात होतात तेव्हा गाडी फलाटावर लागली की चाकाचाकाला ठोकत जायचात, आणि मी अकरा वर्षांचा पोरगा तुमच्यामागून पळायचो. तुम्ही सांगितलं होतं, लोखंड खोटं बोलत नाही, ठोकलं की टण्ण म्हणतं किंवा थप्प म्हणतं. (पुढे तुम्ही कलिंगड, माठ, भाडेकरूची भिंत आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी माझं डोकंही त्याच पद्धतीने तपासलंत.) मी ठोकायला लागलो. मागचा आडवा दांडा टण्ण. डावी पट्टी टण्ण. उजवी पट्टी टण्ण. मामा, मिस्त्रीने नुसतं पाहिलं होतं, ठोकलं नव्हतं. वरवर गंज होता पण आतलं लोखंड जिवंत होतं. थप्प म्हणाला तो फक्त डिकीचा तळ, स्टेपनी ठेवायच्या खोलगट जागी, आणि तिथे माझी हातोडी आरपार गेली.

हे भोक कशाने पडलं ते डिकी उघडल्यावर कळलं. तिथे पाच लिटरचा एक पांढरा कॅन होता, रिकामा. गेल्या सिंहस्थात मामीने रामघाटावरून क्षिप्रेचं पाणी भरून आणलं आणि कोणाचा पाय लागू नये म्हणून सुरक्षित जागा शोधली. आपल्या घरात कोणी कधी हात लावणार नाही अशी एकच जागा तिला दिसली, तुमच्या गाडीची डिकी. कॅन बुडाशी चिरला आणि पाणी थेंब थेंब मुरत गेलं. जे पाणी माणसाची सात जन्मांची पापं धुतं, त्याच्यापुढे एक मिलिमीटरचा पत्रा काय टिकणार. तेव्हा तुमच्या गाडीला नुसता गंज लागला असं म्हणू नये. तिच्यातला तेवढा भाग मोक्षाला गेला.

पुढचे आठ दिवस मी तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि रेड ऑक्साइडचे दोन हात मारले. (त्यातला दीड गाडीला लागला, अर्धा मला. दूधवाल्याने मंगलाला विचारलं, "सर को चोट लगी क्या?") मग आला भोक बुजवण्याचा दिवस, आणि इथे हात दाखवून अवलक्षण झालं. फायबरचं कापड रेझिनमध्ये भिजवून भोकावर चिकटवायचं, की ते वाळून दगड होतं, अशी ही रीत. रेझिन म्हणजे काकवीसारखं चिकट, त्यात हार्डनर घातला की वीस मिनिटांत घट्ट. हे रसायनशास्त्र मला पाठ होतं, म्हणून मी मोठ्या आत्मविश्वासाने आधी दोन्ही कालवलं आणि मग पिशवीत हात घातला. कापड दुकानातच राहिलं होतं.

मी गाडीखालून ओरडलो, "मंगला, कापड आण, जाडसर, सुती, कुठलंही." ती आतून म्हणाली, "कशाला हवंय ते तर सांगा, काही भी कसं देऊ?" मी म्हटलं, वीस मिनिटांतली सात गेली. तिने मागच्या खोलीतली ट्रंक उघडून वरचीच घडी आणली, भैरवगढच्या छापाची एक जुनी चादर. मी न बघता फाडली, भिजवली, भोकावर खालून दाबली आणि दोन्ही हात वर करून पडून राहिलो. दहा मिनिटांनी कापड कडक झालं. विजयी मुद्रेने बाहेर सरकायला गेलो तर सरकता येईना. माझं जानवं खांद्यावरून निसटून त्या रेझिनमध्ये रुतलं होतं आणि मी तुमच्या गाडीला कायमचा बांधला गेलो होतो.

मंगला म्हणाली, कापते, कात्री हातातच आहे. मी नाही म्हटलं. माझे बाबा गेल्यावर माझी मुंज तुम्ही लावलीत, बापाच्या जागी पाटावर तुम्ही बसलात, आणि तेव्हा एकच गोष्ट बजावलीत की जुनं काढायच्या आधी नवं घालायचं, मधे क्षणभरही मोकळं राहायचं नाही. बावन्न वर्षं पाळलेला नियम मी डिकीच्या तळापायी मोडणार नव्हतो. घरात नवं जानवं नव्हतं. (होतं, पण ते तुमच्या पेटीत, नटबोल्टांच्या डबीखाली सापडलं, परवा.) शेवटी मंगलाने शेजारच्या यज्ञेश्वर गुरुजींना बोलावलं. ते पूजा आटोपून नुकतेच आले होते. सोवळ्यातच बंपरपाशी मांडी घालून बसले, माझ्या पायांकडे पाहिलं आणि काही न विचारता आचमनाचं पाणी मागितलं. उताणं पडून आचमन केलं की पाणी नाकात जातं, हे तुमच्या माहितीसाठी. संकल्पात स्थळ सांगावं लागतं ना, तिथे गुरुजींनी क्षिप्रातीरे म्हटलं, माधवनगरे म्हटलं, क्षणभर थांबले, आणि मग गंभीर आवाजात "मोटारयानस्य अधोभागे" असं जोडलं. नवं जानवं गळ्यात पडलं, मग जुनं कापलं. त्यातला चार बोटांचा तुकडा अजून डिकीच्या तळाला आहे. म्हणजे वयाच्या पंचविसाव्या वर्षी, जरा उशिराच, पण तुमच्या गाडीची मुंज झाली.

गुरुजींचे उपकार एवढ्यावर थांबले नाहीत. मी बाहेर आलो आणि ते आत गेले. वीस वर्षं स्वतःची स्कूटर स्वतः दुरुस्त करणारा माणूस तो, खाली बघितल्यावर त्यांना राहवेना. सायलेन्सर तुम्हीच कधी तरी बांधलेल्या तारेवर लटकत होता. गुरुजींनी स्कूटरच्या जुन्या टायरचे तुकडे कापून त्याला रबरी झोळी केली, आणि तार मात्र टाकू दिली नाही. म्हणाले, "मामासाहेबांची गाठ आहे, पेटीत ठेवा." रोज संध्याकाळी पूजा झाली की ते येऊ लागले. माझ्या रिकाम्या संध्याकाळी अशा भरतील असं मला निवृत्तीच्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

परवा नवी बॅटरी बसवली आणि तिसऱ्या किल्लीला इंजिन लागलं. तोच आवाज, मामा, घसा खाकरून बोलायला सुरुवात करावी तसा. मंगला हळदकुंकू घेऊन बाहेर आली, बोनेटला लावलं, आणि मग डाव्या सीटवर जाऊन बसली. गाडी जागची हलली नाही, पण ती तिथे बसून सबंध कप चहा प्यायली.

आता मुद्द्याचं. पल्लवी सांगते की डॉक्टर तुमच्यात काही विशेष नाही म्हणाले, तरी तुम्ही घरी येऊन म्हणालात, "माझं आता सगळं थप्प झालंय." मामा, हे वाक्य कॅरेजवाल्याच्या तोंडी शोभत नाही. ठोकून पाहिल्याशिवाय असं म्हणायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. ही गाडीही तीन आठवड्यांपूर्वी वरवर पाहणाऱ्याला भंगार वाटली होती. मी तुम्हाला कधी तोंडावर बोललो नाही, आपल्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून लिहितो. बाबा गेल्यानंतर मला सायकल, गणित, पोहणं आणि लोखंडाचा आवाज, सगळं तुमच्यामुळे आलं. तुम्ही नसतात तर मी काय झालो असतो याचा विचार मी गाडीखाली पडून बराच केला, तिथे दुसरं करण्यासारखं फारसं नसतं. तुमचा मी फार ऋणी आहे. हे पेन्सिलीने दुरुस्त करू नका.

तर थोडक्यात, गाडी भंगारात देत नाही. ती तयार आहे. तिथल्या मोठ्यांमध्ये तुम्हीच, तेव्हा नमस्कार सगळा तुम्हालाच. पल्लवीला आशीर्वाद, तिने मागितले नसले तरी.

तुमचा भाचा,
श्रीपाद

ता. क. चादरीबद्दल एक गोष्ट वर लिहिली नाही. रेझिन वाळलं की कापड काचेसारखं होतं आणि छापा उठून दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तेव्हा ती चादर ओळखली. गर्द तांबडी, काळ्या कोयऱ्यांची, मामीने स्वतः भैरवगढला बसून पसंत केलेली, तुमच्या पलंगावरची. मंगला तेव्हापासून दोनदा रडली आहे. मामी म्हणायची, ज्या गाडीत बसायला आधी जमिनीवर बसावं लागतं त्या गाडीत मी बसणार नाही, आणि एकोणीस वर्षांत ती एकदाही बसली नाही. रागवायचं असेल तर मला रागवा. पण आता तुम्ही जिथे जाल तिथे तिला यावं लागणार आहे.

ता. क. २. "गाडी तयार आहे" हे पूर्ण खरं नाही. मागचं डावं चाक अजून हवेत आहे. तिथल्या शॉकरचा खालचा नट मी छिन्नीने तोडून काढला, नवा आणून हाताने फिरवून ठेवला, पण तो आवळता येत नाही. पट्टीच्या मागे अशा कोपऱ्यात आहे की सरळ पाना पोचत नाही. तुम्ही लोहाराकडून तापवून वाकवून घेतलेला सतरा नंबरचा पाना तिथे लागतो, आणि पेटीत सतराची जागा रिकामी आहे. घरभर शोधला. काल पल्लवीला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, तो तर बाबांच्या उशाशी असतो. सहा वर्षं झाली. कोणाला हात लावू देत नाहीत." उज्जैनला यायचं नाही म्हणणारा माणूस उज्जैनच्या एका नटाचा पाना उशाशी घेऊन झोपतो, याचा अर्थ मी विचारत नाही.

ता. क. ३. यज्ञेश्वर गुरुजी म्हणाले, त्यात काय, दुसरा सतराचा आणू, दहा मिनिटांत वाकवून देतो. मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विषय काढला नाही. गाडी ठोकळ्यांवर आहे, ठोकळे तुमचेच आहेत, तेव्हा घाई नाही, पण फार उशीरही करू नये. पाना कुरिअरने पाठवू नये.